नॉर्थॅम्प्टनचे रुग्णालय : दयेचे दार आणि त्याचा उंबरठा

शास्त्रपाठ : लूक 10:25-37, याकोब 2:1-9, मत्तय 25:31-46

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. वाटेत पडलेल्या जखमी माणसापाशी थांबणारा, त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा शोमरोनी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्या जखमी माणसाला पुढे कोठे नेण्यात आले, याचा विचार आपण क्वचितच करतो. शोमरोन्याने त्याला उतारशाळेत नेले, रखवालदाराच्या हाती दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचे वचन दिले. कळवळा अंतःकरणात उपजला खरा; पण त्याला एक छप्पर लागले, रात्रभर जागणारा एक माणूस लागला आणि पैशांचा चोख हिशेबही लागला.

प्रस्तुत पाठात आपण अशाच एका ‘उतारशाळे’चा इतिहास पाहणार आहोत. इंग्लंडच्या मध्यभागातील नॉर्थॅम्प्टन या गावचे सार्वजनिक रुग्णालय इ. स. 1743 मध्ये योजले गेले आणि आजही त्याचे कार्य चालू आहे. त्याचा पाया घालण्यात एका पाळकाचा मोठा वाटा होता. शिवाय या गावाचा मराठी पवित्र शास्त्राशीही एक धागा जुळलेला आहे. या इतिहासातील काही गोष्टी आपले हृदय उल्हसित करतात, तर काही अंतर्मुख करतात. दोहोंचा आपण प्रांजळपणे विचार करू.

1. पाळक आणि वैद्य

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आजाऱ्यांची व निराश्रितांची सेवा बहुतांशी मठांच्या व धर्मसंस्थांच्या आश्रयाने होत असे. राजा आठवा हेन्री याने 1536 ते 1540 या काळात मठ बरखास्त केले आणि सेवेची ती व्यवस्था कोलमडली. लंडनमधील मोजकी जुनी इस्पितळे टिकली. परंतु लहान गावांतील गरिबाला आजारपणात घरच्या अंथरुणाखेरीज आसरा उरला नाही. अठराव्या शतकात मात्र एक नवी चळवळ उभी राहिली. नागरिकांनी स्वेच्छेने वर्गणी काढावी आणि गरीब आजाऱ्यांसाठी इस्पितळ चालवावे, अशी ती कल्पना होती. 1736 साली विंचेस्टर येथे असे रुग्णालय निघाले. पुढील काही वर्षांत ब्रिस्टल, यॉर्क व एक्झेटर यांनी तोच कित्ता गिरवला.

नॉर्थॅम्प्टन येथे हा विचार रुजवणाऱ्यांत दोन नावे प्रामुख्याने घ्यावी लागतात. पहिले नाव पाळक फिलिप डॉड्रिज यांचे. त्यांचा जन्म 1702 साली लंडनमध्ये झाला. आईवडिलांचे ते विसावे अपत्य. त्या भावंडांपैकी केवळ दोघे जगली. 1729 च्या अखेरीस ते नॉर्थॅम्प्टनला आले आणि तेथील कॅसल हिल मंडळीचे पाळक झाले. ही मंडळी राज्यमान्य अँग्लिकन चर्चच्या बाहेरची होती. अशा मंडळ्यांतील तरुणांना ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या मिळत नसत. म्हणून डॉड्रिज यांनी स्वतःची अध्ययनशाळा चालवली. परवान्याविना शिकवतात या आरोपावरून त्यांच्यावर खटलाही भरण्यात आला होता. 1745 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मिक जीवनावरील पुस्तक पुढे विल्यम विल्बरफोर्स यांच्या परिवर्तनास साहाय्यभूत ठरले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे ते हेच विल्बरफोर्स होत.

दुसरे नाव डॉ. जेम्स स्टोनहाउस यांचे. ते ऑक्सफर्डला शिकलेले तरुण वैद्य होते. एके काळी त्यांचा ख्रिस्ती श्रद्धेवर विश्वास नव्हता. इतकेच नव्हे, तर तिच्याविरुद्ध त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली होती. डॉड्रिज यांच्या सहवासात त्यांचे मन पालटले आणि 1749 मध्ये त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये धर्मसेवेची दीक्षा घेतली.

4 सप्टेंबर 1743 रोजी डॉड्रिज यांनी नॉर्थॅम्प्टन येथे आजाऱ्यांविषयीच्या कळवळ्यावर उपदेश केला आणि योजलेल्या रुग्णालयास हातभार लावण्याची विनंती केली. तो उपदेश छापून प्रसिद्धही झाला. 1744 साली गावातील जॉर्ज रो या रस्त्यावरील एका घरात रुग्णालय सुरू झाले.

येथे एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. ज्या राज्यव्यवस्थेने डॉड्रिज यांच्या लोकांना विद्यापीठाची दारे बंद केली होती, त्याच व्यवस्थेतील अँग्लिकन धर्मोपदेशक व जमीनदार यांच्याबरोबर ते एका मेजाभोवती बसले. उपासनेत मतभेद होते, राजकारणात होते. आजाऱ्याच्या उशाशी ते बाजूला ठेवले गेले. आपल्या देशातील विविध मंडळ्यांच्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे.

2. वर्गणी, नियम आणि शिफारसपत्र

अशी रुग्णालये कशी चालत, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार नीट उमगणार नाही. इस्पितळाला सरकारी अनुदान नव्हते. दरवर्षी ठराविक रक्कम देणारा तो वर्गणीदार. वर्गणीदारांच्या सभेतून कारभार चाले. त्यांची समिती आठवड्यातून एकदा भरे, हिशेब तपासी आणि नवे आजारी दाखल करून घेई. मोठे वैद्य व शस्त्रवैद्य आपली सेवा विनावेतन देत. औषधे तयार करून देणारा एक मनुष्य आणि घरकारभार पाहणारी मेट्रन मात्र पगारी असत. रोग्याकडून उपचाराचे मोल घेतले जात नसे. बरे होऊन घरी जाणाऱ्याने आपल्या गावच्या मंदिरात देवाचे जाहीर आभार मानावेत, अशी अपेक्षा असे.

शरीराबरोबर आत्म्याचीही काळजी घेतली जाई. 1748 साली स्टोनहाउस यांनी रुग्णांसाठी मित्रत्वाच्या सल्ल्याची एक लहान पुस्तिका लिहिली. देवीच्या रोगावर टोचण्याचा उपाय नवा होता आणि अनेक भाविकांना तो देवाच्या इच्छेविरुद्ध वाटत होता. त्या वेळी, 1750 मध्ये, डॉड्रिज यांनी आपल्या दिवंगत मित्राचा या उपायाचे समर्थन करणारा निबंध प्रसिद्ध केला. श्रद्धा आणि वैद्यकज्ञान यांत वैर नाही, ही त्यांची धारणा होती.

इतके सारे चांगले असताना खटकणारी गोष्ट कोणती? ती होती शिफारसपत्राची. अपघात व तातडीचे प्रसंग सोडल्यास कोणत्याही गरिबाला आपण होऊन इस्पितळात जाता येत नसे. त्याला एखाद्या वर्गणीदाराची चिठ्ठी आणावी लागे. वर्गणीच्या रकमेबरोबर शिफारस करण्याचा हक्कही मिळत असे. आजारी शेतमजुराने प्रथम कोणा श्रीमंताच्या दाराशी उभे राहायचे, आपण सालस, कष्टाळू व सहानुभूतीस पात्र आहोत हे पटवायचे, आणि मग पाय ओढीत गावाकडे जायचे. ज्याची कोणाशी ओळख नाही, ज्याचे मालकाशी बिनसले आहे, त्याने काय करावे?

याकोबाच्या पत्रातील सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या वस्त्रांतला, असे दोन मनुष्य येथे आठवतात. अंगठी घातलेल्याची सही असल्याखेरीज मळक्या वस्त्रांतल्याला खाट मिळत नव्हती. दार दयेचे होते. पण उंबरठा प्रतिष्ठेचा होता.

3. दाराबाहेर राहिलेले

चिठ्ठी मिळूनही सर्वांना प्रवेश मिळेल असे नव्हते. त्या काळच्या अशा इस्पितळांचे नियम बहुतेक एकाच साच्याचे होते. गरोदर स्त्रिया, सात वर्षांखालील मुले, सांसर्गिक रोगी, बुद्धिभ्रंश झालेले, असाध्य आजाराने ग्रासलेले आणि मरणोन्मुख लोक यांना सामान्यतः घेतले जात नसे. लहान मुलांच्या बाबतीत हाड मोडणे वा शस्त्रक्रियेची गरज यांसारखे अपवाद असत.

हे नियम करणारे लोक निष्ठुर होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाटा थोड्या होत्या. सांसर्गिक रोग एका दालनातून दुसऱ्यात पसरला, तर सगळे इस्पितळच बंद पडायचे. रोगजंतूंचे ज्ञान अजून शंभर वर्षे पुढे होते. तान्ह्या मुलाला आईपासून तोडू नये, हाही विचार होता. परंतु आणखी एक कारण होते. वर्गणीदारांना दरवर्षी बरे झालेल्यांची संख्या दाखवावी लागे. जो बरा होणार नाही, तो आकडेवारी बिघडवणार आणि वर्गणी घटणार. ज्याला गरज सर्वांत अधिक, तोच यादीतून प्रथम गळत होता.

या नियमाशेजारी दोन पित्यांचे दुःख ठेवून पाहावे. डॉड्रिज यांची लाडकी कन्या एलिझाबेथ 1736 साली वारली, तेव्हा तिला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या शोकातून त्यांनी मुलांच्या मृत्यूविषयीचा उपदेश लिहिला. दुसरा पिता त्याच परगण्यातील, अर्ध्या शतकानंतरचा : एक गरीब चांभार. त्याची पहिली मुलगी अ‍ॅन दोन वर्षांच्या सुमारास तापाने दगावली. त्याच तापाने त्यालाही गाठले आणि त्याच्या डोक्यावरचे केस गेले. त्या चांभाराचे नाव विल्यम केरी.

एलिझाबेथच्या वेळी रुग्णालय निघालेच नव्हते. अ‍ॅनच्या वेळी ते जवळच्या गावात उभे होते. पण दोन वर्षांच्या तापकरी बालिकेसाठी त्याच्या नियमांत जागा नव्हती. संस्थापकाच्या घरात जे दुःख येऊन गेले होते, त्या दुःखासाठी त्या पिढीच्या इस्पितळांत खाट नव्हती. मनुष्याचा कळवळा कितीही खरा असला, तरी तो आपल्या काळाच्या भिंतींत राहतो, हे येथे दिसते.

4. इ. स. 1793

विल्यम केरी यांचा जन्म 1761 साली नॉर्थॅम्प्टनच्या दक्षिणेकडील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. ऊन लागले की त्यांच्या त्वचेला विकार होई. त्यामुळे शेतातले काम सोडून ते जोडे शिवण्याच्या धंद्यात पडले. नॉर्थॅम्प्टन व भोवतालचा मुलूख जोड्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध होता. 5 ऑक्टोबर 1783 रोजी नॉर्थॅम्प्टन येथे नेन नदीत जॉन रायलंड यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. डॉड्रिज यांचे उपासनामंदिर तेथून जवळच होते. 1792 साली त्याच परगण्यातील केटरिंग येथे मिशनरी संस्था स्थापन झाली.

पुढील वर्षी, म्हणजे 1793 साली, दोन घटना घडल्या. नॉर्थॅम्प्टनचे रुग्णालय जॉर्ज रोवरील अपुऱ्या घरातून निघून गावाबाहेर, आजच्या बिलिंग रोडवर, नव्या इमारतीत गेले. तिचा आराखडा सॅम्युअल सॅक्सन या वास्तुशिल्पज्ञाने केला होता. त्याच वर्षी केरी यांनी बंगालकडे जाणाऱ्या जहाजावर पाऊल ठेवले. त्यांचा सहकारी जॉन थॉमस हा जहाजावरचा शस्त्रवैद्य होता.

सेरामपूर येथे 1800 साली कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला, तेव्हा थॉमस यांनीच तो बसवला. त्या भेटीतून सुरू झालेला संवाद 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळी नदीत कृष्ण पाल यांच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचला. हात बसवण्यापूर्वी थॉमस यांनी त्यांच्याकडे कोणाची चिठ्ठी मागितली नव्हती, हे लक्षात घ्यावे.

आपल्या भाषेशी जुळणारा धागा येथेच आहे. फोर्ट विल्यम महाविद्यालयात केरी मराठीही शिकवू लागले. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी 1805 साली मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान छापले. 1810 मध्ये त्यांचा मराठी कोश आणि 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला. भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला व बंदिवानाला भेटणे म्हणजे प्रभूलाच भेटणे, हा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील बोध मराठीत छापला गेला, तो नेन नदीत बाप्तिस्मा घेतलेल्या या चांभाराच्या श्रमाने.

5. दार उघडत गेले

एकोणिसाव्या शतकात बंद दारांपैकी एकेक उघडू लागले. बुद्धिभ्रंश झालेल्यांसाठी 1838 साली नॉर्थॅम्प्टनमध्ये स्वतंत्र आश्रयस्थान निघाले. शेतमजुराच्या पोटी जन्मलेला कवी जॉन क्लेअर 1841 पासून 1864 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. खाटा असलेले मुलांचे पहिले इंग्रजी रुग्णालय 1852 साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर सुरू झाले. 1846 पासून गुंगीच्या औषधाखाली शस्त्रक्रिया होऊ लागल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली परिचारिकांसाठी शाळा काढली. 1867 साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत जगापुढे मांडली. जे इस्पितळ केवळ गरिबाचा आसरा होते, तेथे जाणे आता श्रीमंतालाही हिताचे वाटू लागले.

याच काळात कामगारही पुढे आले. इंग्लंडच्या अनेक औद्योगिक गावांत कारखान्यांतील मजूर आठवड्याच्या वेतनातून दोनचार पेन्स इस्पितळासाठी देऊ लागले. पेन्स देणारा मजूर चिठ्ठीसाठी कोणाच्या दारी का जाईल? अनेक मजुरांच्या दोन पेन्सांपुढे शिफारसपत्राचे महत्त्व हळूहळू ओसरले. विधवेच्या दोन टोल्यांची आठवण करून देणारी ही घटना आहे.

1936 साली नॉर्थॅम्प्टनमध्ये बॅरट प्रसूतिगृह उघडले. त्यासाठी देणगी देणारे बॅरट हे जोड्यांचे कारखानदार होते. अठराव्या शतकाच्या नियमांनी जिला दाराबाहेर ठेवले होते, त्या गरोदर मातेसाठी जोड्यांच्या पैशांतून घर उभे राहिले.

शेवटी 5 जुलै 1948 रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. 1942 सालच्या बेव्हरिज अहवालाने तिची वाट तयार केली होती. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी ती प्रत्यक्षात आणली. नॉर्थॅम्प्टनचे रुग्णालय या सेवेत सामील झाले. वर्गणीदार गेले, चिठ्ठी गेली. उपचाराच्या वेळी रोग्याने पैसे द्यायचे नाहीत आणि त्याची पात्रता त्याच्या आजारावरून ठरायची, त्याच्या ओळखीवरून नव्हे, हे सूत्र ठरले. पुढच्या दशकांत भारतातून गेलेल्या असंख्य डॉक्टरांनी व परिचारिकांनी ही सेवा तोलून धरली. एके काळी शस्त्रवैद्य थॉमस ज्या दिशेने आले होते, तिच्या उलट दिशेने आता सेवा वाहू लागली.

दार पूर्ण उघडले म्हणून सर्व प्रश्न सुटले, असे मात्र नाही. 2023 साली इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीवरील नोंदी 70 लाखांच्या वर गेल्या होत्या. चिठ्ठी नको, पण प्रतीक्षा आहे. प्रत्येक पिढीला आपला उंबरठा नव्याने तपासावा लागतो.

6. आपल्यासाठी बोध

पहिला बोध असा की, कळवळ्याला व्यवस्था हवी. डॉड्रिज यांचा उपदेश केवळ अश्रूंवर थांबला असता, तर तो त्या रविवारबरोबर संपला असता. त्याला वर्गणीची वही, आठवड्याची समिती व तपासलेला हिशेब यांची जोड मिळाली, म्हणून तो पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकला. समितीची कंटाळवाणी बैठक हीसुद्धा उपासना होऊ शकते. मंडळीच्या निधीचा हिशेब चोख ठेवणारा खजिनदार शोमरोन्याच्या दोन दिनारांचा राखणदार असतो.

दुसरा बोध अधिक कठीण आहे. चांगल्या हेतूने काढलेली संस्थासुद्धा ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे भेद करू लागते. देशभर आपल्या मंडळ्या आजाऱ्यांसाठी काही ना काही करतात. कोठे इस्पितळ आहे, कोठे मदतनिधी आहे, कोठे केवळ भेटीला जाणारी महिला मंडळाची तुकडी आहे. तेथेही शिफारसपत्रे चालत नाहीत काय? ती कागदावर नसतील. पण कोणाच्या ओळखीचा, कोणत्या घराण्यातला, उपासनेस नियमित येणारा की न येणारा, असे प्रश्न मनात उठतातच. व्यसनाने आजारी पडलेला, मंडळीशी भांडून गेलेला, बरा होण्याची आशा नसलेला, घरातच कुढत असलेला मनोरुग्ण, हे आपल्या यादीत कोठे आहेत?

वाटेत पडलेल्या माणसाविषयी दाखल्यात काहीच माहिती नाही. तो भला होता की बुरा, कोणत्या कुळातला, कोणाच्या परिचयाचा, हे प्रभूने सांगितले नाही. बोलण्याचे त्राण नसलेला तो मनुष्य आपली पात्रता सिद्धच करू शकत नव्हता. त्याची जखम हेच त्याचे शिफारसपत्र होते.

विचारविनिमयासाठी प्रश्न

1. शोमरोन्याने रखवालदाराशी केलेल्या व्यवहारातून सेवेच्या दीर्घकालीन व्यवस्थेविषयी आपण काय शिकतो?

2. याकोब 2:1-9 हा भाग शिफारसपत्राच्या पद्धतीला कसा लागू पडतो? तिची बाजू घेऊन बोलायचे झाल्यास काय म्हणता येईल?

3. डॉड्रिज यांनी वेगळ्या मंडळीच्या लोकांबरोबर काम केले. आपल्या गावात इतर मंडळ्यांबरोबर मिळून आजाऱ्यांसाठी कोणते एक काम हाती घेता येईल?

4. आपल्या मंडळीच्या मदतीपासून आज नेमके कोण दूर राहते? पुढील समिती-सभेत त्यांच्यापैकी एकाचा विचार नावानिशी करावा.